अंगणवाडीत पाठवण्याआधी नववीची तयारी हवी

महोदय,
नववीच्या मुलामुलींनी अंगणवाडीत जाऊन शिकवावे, ही कल्पना चांगली. पण तयारीविना पाठवले तर ती तिथे आपलीच शाळा भरवतात: ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ आणि पाटीवर अक्षर गिरवणे! चार वर्षांच्या बोटांत तेवढी ताकद नसते. मूल कंटाळते, मग रडते. म्हणून पहिले दोन दिवस फक्त निरीक्षण: कोण काय उचलते, किती वेळ रमते. नंतर दोघांकडे ५-६ मुले, एकच कृती, फार तर १५ मिनिटे. बोलायचे मांडी घालून, मुलांच्या घरच्या बोलीत, मालवणी असो की आगरी.

साहित्य परसातच आहे: करवंट्या, झावळीची पाती, कडा घासलेले मोठे शिंपले. चिंचोके तीन वर्षांखालच्यांसमोर नकोत, घशात अडकतात. कच्च्या काजूबिया तर कोणालाच नकोत. टरफलातल्या तेलाने कातडी भाजते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५मध्ये बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले तेव्हाही भर भोवतालच्या वस्तूंवरच होता.

आणि सेविकाताईंनी त्या वेळात रजिस्टर भरत बसू नये. लक्ष वर्गावरच हवे.

— एक बालवाडी प्रशिक्षिका, गुहागर