आगाऊ पैसे भरलेला अंक ‘संपला’ कसा?

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
साप्ताहिक कॉमिक्स घरपोच योजना,
मुंबई

विषय: आगाऊ नोंदवलेला अंक न मिळाल्याबद्दल आणि त्यासाठी दिलेल्या न पटणाऱ्या कारणांबद्दल

महोदय / महोदया,

मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो आणि तुमच्या साप्ताहिक योजनेचा वर्गणीदार आहे. येत्या तीनेक महिन्यांत निघणाऱ्या अंकांची यादी तुम्ही पाठवता, हव्या त्या अंकांवर मी खुणा करतो आणि पूर्ण पैसे त्याच वेळी भरतो. यात माझ्याकडून उधारी कधीच नसते. असं असताना ‘ॲब्सोल्यूट बॅटमॅन’ या मालिकेचा मी नोंदवलेला अंक आला नाही. त्याच्या पुढचा अंक मात्र नीट प्लास्टिकच्या पाकिटात घालून घरी पोचला. चौकशी केली तेव्हा तुमच्या मदत कक्षाने एका ओळीत उत्तर दिलं, ‘साठा संपला आहे, पैसे खात्यात जमा केले आहेत.’ दोन्ही पावत्या सोबत जोडल्या आहेत, अंकांचे क्रमांक त्यावर आहेत.

पैसे परत मिळाले, मग तक्रार कशाची, असं तुम्हाला वाटू शकेल. तुमच्याच धंद्यातली गोष्ट तुम्हाला सांगावी लागतेय. अंक बाजारात येण्याच्या साधारण तीन आठवडे आधी दुकानदाराला आपली अंतिम मागणी कळवावी लागते. त्या आकड्यांवर छपाई ठरते. न खपलेल्या बहुतेक प्रती वितरक परत घेत नाही, त्यामुळे दुकानदार हात राखून मागणी करतो हे मला समजतं. पण ती जोखीम तुमच्यावर पडू नये म्हणून तर मी पैसे आधी भरले! माझ्या प्रतीबद्दल तुम्हाला अंदाज बांधायचाच नव्हता. पंगतीला किती पाने हे यजमानाने आधी सांगावं, पैसेही मोजून द्यावेत आणि आचाऱ्याने तांदूळ मात्र आपल्या मनाने शिजत टाकावा, असा हा प्रकार झाला.

फोन केल्यावर तीन वेगवेगळी कारणं ऐकायला मिळाली, एकही टिकत नाही.

पहिलं कारण, अमेरिकेतला वितरक बुडाला. डायमंडने जानेवारी 2025 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, ही गोष्ट खरी. पण बॅटमॅनचे अंक काढणाऱ्या डीसी या प्रकाशकाने डायमंडशी संबंध 2020 मध्येच तोडले. त्यांचे अंक ल्युनार या वितरकाकडून दुकानांत जातात. तुमच्या प्रतिनिधीने मार्वल या दुसऱ्या प्रकाशकाचंही नाव घेतलं, तर मार्वलनेही ऑक्टोबर 2021 पासून आपलं वितरण पेंग्विन रँडम हाऊसकडे दिलं. बॅटमॅनचा अंक न येण्याशी डायमंडचा काय संबंध, हे मला कुणी समजावून सांगितलं तर बरं होईल.

दुसरं कारण, प्रकाशनाचा वार बदलल्यामुळे गोंधळ झाला. डीसी काही वर्षं मंगळवारी अंक काढत होती आणि जुलै 2024 पासून परत बुधवारी काढू लागली. ‘ॲब्सोल्यूट बॅटमॅन’ सुरूच झाला ऑक्टोबर 2024 मध्ये, म्हणजे या मालिकेने मंगळवार पाहिलेलाच नाही.

तिसरं कारण, मालिकेला अफाट मागणी आहे. ती आहेच. पहिल्याच अंकाच्या एकामागून एक छपाया काढाव्या लागल्या होत्या. मग पुढच्या अंकांना मागणी असणार हे कळायला वेगळा ज्योतिषी लागत नव्हता.

आता ज्या गोष्टीमुळे हे पत्र लिहायला बसलो ती सांगतो. मला ‘साठा संपला’ असं कळवलं त्याच आठवड्यात तुमच्या विक्रीच्या पानावर त्याच अंकाची खास मुखपृष्ठाची प्रत भरमसाट किमतीला लावलेली होती. ते मुखपृष्ठ ‘पंचविसास एक’ या प्रकारातलं होतं, म्हणजे साध्या मुखपृष्ठाच्या पंचवीस प्रती मागवणाऱ्या दुकानदाराला मिळणारं. तेव्हा तुम्ही निदान पंचवीस प्रती मागवल्या असणार. त्या गेल्या कुठे? काउंटरवर रोखीने घेणाऱ्याला दिल्या आणि लांबच्या गिऱ्हाइकाच्या तोंडाला पानं पुसली, असा माझा समज झाला आहे. खास प्रत तुम्ही बाहेरून विकत घेतली असेल तर तसं लेखी कळवा, मी हा परिच्छेद मागे घेईन.

मदत कक्षाने सुचवलेले पर्यायही पाहिले. सहा अंक एकत्र करून पुस्तक निघेल ते घ्या म्हणे. पुस्तक निघतं ते मलाही माहीत आहे. पुस्तकच हवं असतं तर साप्ताहिक योजनेचे पैसे कशाला भरले असते? दुसऱ्या छपाईचा अंक पाठवतो म्हणाले, पण त्याचं मुखपृष्ठ बरेचदा वेगळं असतं आणि मी नोंद केली ती पहिल्या छपाईची. एकाने तर मोबाईलवर मार्वल अनलिमिटेड हे मार्वलचे अंक वाचायचं ॲप घ्या असा सल्ला दिला. तिथे नवा अंक साधारण तीन महिन्यांनी येतो, आणि मुख्य म्हणजे तिथे बॅटमॅन नसतो! कॉमिक्स विकणाऱ्या कंपनीच्या माणसाला एवढं तरी ठाऊक असावं.

अमेरिकेतला बुधवार कोल्हापुरात त्याच बुधवारी उजाडावा असं माझं म्हणणं नाही. अंक समुद्रापलीकडून येतात, वेळ लागणारच. 2019 आणि 2021 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली होता. तशा वेळी पार्सल अडकलं म्हणून इथला माणूस कुणाला बोल लावत नाही. उशीर चालतो, मधला अंक गाळलेला चालत नाही. माझा अंक माझ्यानंतर भाची वाचते, मग तो रविवारी रंकाळ्यावर जमणाऱ्या आमच्या चार-पाच जणांत फिरतो. मधला भाग नसल्यामुळे पुढचा अंक सगळ्यांनी तसाच बाजूला ठेवला आहे.

लहानपणी इथल्या एस.टी. स्टँडवरच्या स्टॉलवर इंद्रजालचे अंक यायचे. वेताळाचा नवा अंक आला की स्टॉलवाला आमची नावं कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून प्रती गठ्ठ्याखाली सरकवून ठेवायचा. पैसे तर आम्ही नंतर द्यायचो. त्याच्याकडे संगणक नव्हता.

(पॅकिंगबद्दल थोडक्यात: पावसाळ्यात अंकामागे जाड पुठ्ठा घाला. कोपरे दुमडून येतात. तोंडी सांगून झालं आहे.)

माझ्या मागण्या अशा. त्या अंकाची पहिल्या छपाईची, साध्या मुखपृष्ठाची प्रत मूळ किमतीतच मिळावी. तुमच्याकडे नसेल तर बाजारातून घेऊन द्या, वरचा फरक तुमचा. आगाऊ पैसे भरलेल्यांच्या प्रती आधी वेगळ्या काढून मगच उरलेल्या विक्रीला ठेवल्या जातील, हे योजनेच्या अटींत लिहा. आणि एखादी प्रत कमी पडणार असेल तर अंतिम मागणीच्या तारखेआधी कळवा, म्हणजे दुसरीकडून मागवता येईल.

ऑनलाइन विक्रीसाठीच्या 2020 च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार तुम्ही या तक्रारीची पोच 48 तासांत द्यायची आहे आणि निवारण एका महिन्यात करायचं आहे. ते झालं नाही तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि गरज पडली तर कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. 2019 च्या कायद्याने ग्राहकाला आपण राहतो तिथेच दाद मागता येते आणि एवढ्या लहान रकमेला शुल्कही पडत नाही. मुंबईला खेटे घालावे लागतील म्हणून मी गप्प बसेन, असा हिशेब कुणी केला असेल तर तो चुकला आहे.

पुढच्या महिन्याच्या यादीवर खुणा करून ठेवल्या आहेत, पैसे मात्र भरलेले नाहीत. तुमचं लेखी उत्तर आलं की ठरवीन.

आपला,
एक वर्गणीदार
राजारामपुरी, कोल्हापूर

सोबत: दोन्ही अंकांच्या पावत्या, मदत कक्षाचा निरोप, विक्रीच्या पानाचा स्क्रीनशॉट