वरचं भाट राहू दे

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर हे बोलायला जमत नाही म्हणून लिहितेय. एक तर आपल्याकडे रेंज जाते, बाबा अंगणात येऊन मोठ्याने हॅलो हॅलो करतात आणि सांगायचं ते राहूनच जातं, आणि दुसरं म्हणजे आई रडायला लागली की मी सगळं कबूल करून टाकते. टाईप करून प्रिंट काढलीय, अक्षर मुद्दाम मोठं ठेवलंय. तरी बाबा चष्मा लावूनच वाचा आणि जेवण झाल्यावर वाचा, उपाशीपोटी नको.

आधी सांगून टाकते. पैसे घेऊन नोकरी लावून देतो म्हणणाऱ्या त्या माणसाला मी परवा फोन करून नाही म्हटलं. एलडीसीची, कारकुनाची, ती पोस्ट मला नको. नीट बोलले, उद्धटपणे नाही, "बाबांचा यात काही दोष नाही, माझंच मन नाही" असं सांगितलं, म्हणजे उद्या वाळपईच्या बाजारात तो भेटला तरी तुम्हाला तोंड लपवावं लागणार नाही. आणि त्या पैशांसाठी वरचं भाट, आपली ती काजूची बाग, विकायचं नाही. दिल्लीवाल्याकडून बयाणा घेतला नसेल तर घेऊ नका, घेतला असेल तर मला लगेच कळवा, माझ्याकडे थोडे साठलेत, आपण परत करू.

रागावलात तरी पुढचं वाचा, बाबा. आई, तू वाचून दाखव त्यांना.

तुम्ही हे माझ्यासाठीच करत होता हे मला कळत नाही असं नाही. एकतीस वर्षांची झाले, अजून लेक्चर बेसिसवर, जेवढी लेक्चरं तेवढे पैसे, मे महिन्यात हातात काही नाही, दर जूनला पुन्हा इंटरव्ह्यू. रात्री झोप लागत नाही तुम्हाला, आई सांगते मला. काजूच्या त्या एकेका झाडाला तुम्ही आजोबांबरोबर पाणी घातलंय आणि तेच विकायला निघालात, म्हणजे किती काळजी असेल पोटात. हे आठवलं की मला इथे बसून रडू येतं. पण तरी नाहीच म्हणणार होते, आणि का ते सांगते, कारण हे एका दिवसात ठरलेलं नाही.

यंदा थर्ड इयरला आयएसएसाठी, म्हणजे सेमिस्टरमधल्या अंतर्गत मार्कांसाठी, मी टेस्ट घेतली नाही. ४७ मुलं आहेत वर्गात. प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी दिली, नाव लिहायचं नाही, एका बाजूला लिहायचं की कॉलेजात रोज कशाचा त्रास होतो आणि दुसऱ्या बाजूला गोव्यात कशाचा राग येतो. मग त्यावर गटागटाने बोलायचं. रात्री खोलीवर सगळ्या चिठ्ठ्या पलंगावर पसरून वाचत बसले, दीड वाजला.

त्रासाच्या बाजूला मुलींनी काय लिहिलं असेल? टॉयलेटची कडी. नऊ जणींनी तेच लिहिलंय, कडी तुटलीय म्हणून एकीने बाहेर उभं राहून दार धरायचं, आणि एकटी असेल तर दिवसभर पाणीच प्यायचं नाही. मी त्याच मजल्यावर तीन वर्षं वावरते बाबा, स्टाफचं टॉयलेट वेगळं म्हणून मला कधी दिसलंच नाही. दुसऱ्या दिवशी गेले तर खरंच कडीच्या जागी दोन खिळे आणि एक ओढणीची चिंधी बांधलेली. अर्ज दिलाय, तीनदा जाऊन विचारलंय, नाही झालं तर सुतार मीच आणणार आहे.

मग बस. शेवटचं प्रॅक्टिकल साडेपाचला सुटतं आणि सत्तरीकडची बस त्याच्या आसपासच निघते, ती चुकली की सांखळीपर्यंत एक आणि पुढे कोणाची तरी लिफ्ट, आणि मुलीच्या जातीला रात्री लिफ्ट म्हणजे घरचे कॉलेजच बंद करतात. पंचाहत्तर टक्के हजेरीचं तर विचारूच नका. एक मुलगा रात्री हॉटेलात काम करतो, पहाटे तीनला सुटतो आणि नऊच्या लेक्चरला डोळे उघडे ठेवून बसतो. हजेरी त्याची भरते, शिकायचं राहून जातं. फी भरली तरी पोर्टलवर दिसत नाही म्हणून पावतीची झेरॉक्स घेऊन रांगा. नवीन शैक्षणिक धोरणाची ही पहिलीच बॅच, तीन वर्षांनी बाहेर पडायचं की चौथं वर्ष करायचं हे त्यांना कोणी नीट सांगत नाही, मग मलाच विचारतात. आणि एका चिठ्ठीत लिहिलं होतं, "दर सेमिस्टरला नवीन टीचर येतात, अर्धा सिलॅबस झाला की जातात, मग आम्ही कोणाला धरायचं?" ती चिठ्ठी मी पर्समध्ये ठेवलीय. ते माझ्यासारख्यांबद्दलच आहे ना.

रागाच्या बाजूला म्हादई होती, नदीचं पाणी कर्नाटकाकडे वळवतात ते, खूप जणांनी लिहिलं, ३९अ कलमाने शेतांची सेटलमेंट, म्हणजे बांधकामाची जमीन, होते ते होतं, समुद्रावर फुटलेल्या बाटल्या, रस्त्यावर रोज मरणारी त्यांच्याच वयाची मुलं. बाबा, तुम्हाला वाईट वाटेल पण भाषेवर फक्त दोघांनी लिहिलं, एक मराठीच्या बाजूने, एक कोंकणीच्या. मला तेव्हा ओपिनियन पोलमधलं आजोबांचं फूल, म्हणजे गोवा महाराष्ट्रात विलीन करा, आणि आईच्या माहेरची दोन पानं, म्हणजे वेगळा ठेवा, हे आठवलं. ओपिनियन पोल १९६७चा, त्यानंतर राजभाषेवरून गावोगावी भांडणं चालू असताना तुमचं लग्न झालं आणि आई या घरात आली. या मुलांना ते भांडण ऐकूनही माहीत नाही. मला त्याचं बरं वाटलं की वाईट, अजून ठरत नाही.

एका चिठ्ठीत मोठ्या अक्षरात होतं, "भायल्यांना हाकला," म्हणजे बाहेरून आलेल्यांना. ती मी वर्गात वाचली, वाचायला नको होती असं लगेच वाटलं. कारण मागच्या बाकावर एक मुलगा आहे, बाप गदगहून बांधकामावर आलेला, राहायला झुआरीनगरला. तो उभा राहिला. हात थरथरत होते त्याचे, बाकाची कड धरून ठेवली होती. वर्गात सगळ्यांत स्वच्छ कोंकणी त्याची, त्याने एवढंच विचारलं की मी बांबोळीच्या सरकारी इस्पितळात, गोमेकॉत, जन्मलो, इथल्याच सरकारी शाळेत शिकलो, तर मला कुठे हाकलणार? कोणी काही बोललं नाही. मग पुढच्या बाकावरची पेडण्याची मुलगी म्हणाली, आमच्याकडे मोपाच्या विमानतळासाठी जमिनी गेल्या, पण आता उरलेल्या कोणी हिसकावल्या नाहीत, आपणच विकतोय, घेणाऱ्याला भायला म्हणायचं आणि त्याच्याच पैशाने गाडी आणायची. वर्गात एवढा गोंधळ झाला की बाजूच्या वर्गातले सर बघायला आले. मी मात्र गप्प उभी होते, बाबा, कारण त्याच्या आदल्या रविवारी तुम्ही मला वरच्या भाटाचा सौदा सांगितला होता.

तुम्हाला दोष देत नाही, खरंच नाही. २०२१च्या जानेवारीत आयआयटीला जमीन द्यायची नाही म्हणून आपल्या सत्तरीतल्या शेळ-मेळावलीच्या बायका रस्त्यावर बसल्या तेव्हा तुम्ही रोज संध्याकाळी तिकडची खबर घेऊन यायचात आणि प्रकल्प तिथून हलवणार म्हणून जाहीर झालं त्या दिवशी आईला गोड करायला लावलंत. तो तुमचाच जीव आहे. भाट विकायचं मनात आलं ते फक्त माझ्यामुळे, म्हणून ते थांबवायचंही मीच.

आणि आता नोकरीचं. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांत तेच होतं. २०२४च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नोकऱ्यांसाठी पैसे घेतले म्हणून रोज पेपरात एकेकाच्या अटकेची बातमी यायची, आठवतं ना, तुम्ही पेपर घडी करून बाजूला ठेवायचात. ही मुलं त्या बातम्या वाचत मोठी झालीत. त्यांना ठाम वाटतं की शिकून काही होत नाही, कोण तुझा आणि किती आहेत एवढंच. एका मुलीची चिठ्ठी रोमी लिपीत होती, अक्षरावरून ओळखलं मी कोण ते, केप्याची आहे, दोन बस बदलून येते, कधी लेट नाही. तिने लिहिलं होतं, "म्हज्या भावाखातीर आवयचें भांगर गेलें, आतां म्हजेखातीर कितें?" भावासाठी आईचं सोनं गेलं, आता माझ्यासाठी काय?

आई, मला तुझ्या सोन्याच्या पाटल्या आठवल्या. दादाच्या नोकरीच्या वेळी गेल्या त्या. त्यावर आपल्या घरात कोणी कधी बोललं नाही आणि मीही आज बोलत नाही, फक्त एवढंच सांगते की त्या वर्षी गणेश चवथीला तू काचेच्या बांगड्या भरून फुगडी घातलीस आणि मला म्हणालीस, ह्या जास्त वाजतात. मी शाळेत होते तेव्हा. मला तेव्हाच कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती केप्याची मुलगी लेक्चरनंतर थांबली आणि तिने विचारलं, "मॅडम, तुम्हाला कोणी पैसे मागितले तर तुम्ही देणार?" मी नाही म्हणाले. तोंडातून निघून गेलं. आणि मग जिन्यावर उभी राहून त्या माणसाला फोन लावला, कारण तिला खोटं सांगितलं असं व्हायला नको होतं.

बाबा, तुम्हीच सांगायचात, १९७८-७९ला विद्यार्थ्यांना बसचं अर्धं तिकीट मिळावं म्हणून कॉलेजं बंद पडली, तुम्ही पोलिसांच्या काठ्या खाल्ल्यात, घरी आजोबांनी दोन दिवस बोलणं टाकलं आणि शेवटी सरकारला सवलत द्यावी लागली. लहानपणी मला ही गोष्ट तुम्ही झोपवताना सांगायचात, मी विचारायचे काठी कुठे लागली आणि तुम्ही दरवेळी वेगळी जागा दाखवायचात. त्याच अर्ध्या तिकिटावर मी पाच वर्षं शिकले.

मी काही हात बांधून बसणार नाहीय. प्राध्यापकपदासाठीची सेट पास आहे, तो कागद कोणी काढून घेणार नाही. सरकारी कॉलेजांची जाहिरात आली की भरणार, कोंकणी सक्तीची असते ती मला येते, घरात मराठी आणि अंगणात कोंकणी असंच वाढले की मी. कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षाही देणार, तिथे कॉम्प्युटरवर पेपर असतो, अभ्यास चालू केलाय, सकाळी पाचला उठते. लागली तर तीच एलडीसी आनंदाने करेन. नाही लागली तर हे आहेच. आणि मला शिकवायला आवडतं, बाबा, हे तुमच्याकडूनच आलंय, पट कमी झाला म्हणून शाळा बंद झाली तरी तुम्ही ओसरीवर चार पोरांना पाढे शिकवत बसायचात ना.

माझी काळजी करू नका. ताळगावची खोली चांगली आहे, आता गळत नाही, मालकिणीने पत्रे बदलले. सकाळी पोदेर पाव घेऊन दारात येतो, दुपारी डबा, रात्री मी पेज करते आणि तू दिलेलं लिंबाचं लोणचं असतं. पावसाचे कपडे सुकत नाहीत एवढंच, त्याला पंखा लावते. लग्नाचं चवथीनंतर बोलू, टाळत नाही, बोलू नक्की.

आता नीट ऐका दोघांनी. आई, गुडघ्याला पट्टा बांधल्याशिवाय विहिरीवर जायचं नाही, आणि पातोळ्या करायला जमिनीवर बसू नकोस, टेबलावर कर. गोळी संपायच्या आधी सांग, संपल्यावर नाही. बाबा, शुगरचं मशीन कपाटात ठेवण्यासाठी आणलेलं नाही, मंगळवार आणि शुक्रवार सकाळी बघायची आणि कॅलेंडरवर लिहायची, मी आल्यावर कॅलेंडर तपासणार. बांबोळीच्या इस्पितळातल्या तारखेला मी सुट्टी टाकलीय, तुम्ही एकटे यायचं नाही. काजूच्या दिवसांत भाटात जाताना ते माकडतापाचं तेल लावायचं, गेल्या वर्षी बाटली सील सुद्धा न फोडता पडून होती, मी बघितलीय. आणि गणपतीवर बांधायच्या माटोळीसाठी रानात एकटे जाऊ नका, पाय घसरतो पावसात. माटोळीची कांगणं आणि घागऱ्या ही रानफळं काढायला शेजारच्या पोराला न्या, तुम्ही खाली उभे राहून दाखवा आणि त्याला चढू दे. आंबाडे वरच्या भाटातलेच आणा, कडेच्या झाडाचे, ते दरवर्षी आपल्या माटोळीत असतात.

माझ्यावर राग असला तर मी आल्यावर काढा, जेवण मात्र टाकू नका.

चवथीच्या आदल्या दिवशी शेवटच्या बसने येते. बाबा, नाक्यावर बॅटरी घेऊन उभं राहायचं नाही, मी मोबाईलच्या उजेडात येईन. आणि आलातच तर ती जुनी मोठी छत्री आणा, दोघांना पुरते ती.

तुमची
बाय