पोचले, आजी

प्रिय आजी,

तुमचं नाव मला ठाऊक नाही. माझ्या फोनमध्ये तुम्ही ‘आव्हिला आजी’ आहात आणि तुमच्या फोनमध्ये मी बहुधा नुसताच एक नंबर. स्पॅनिशमध्ये पत्र लिहायला तीनदा बसले, पण ‘मुचास ग्राथियास’च्या, म्हणजे ‘खूप आभार’च्या, पुढे गाडी हलेना. माझ्या स्पॅनिशला अजून बाजारहाट जमतो, मनातलं बोलणं जमत नाही. म्हणून मराठीत लिहितेय, तुम्हाला वाचता येणार नाही हे माहीत असून. तसंही आमच्या कोल्हापूरच्या घरात कुणी कुणाचे आभार मानत नाही. आभार मानतात ते कार्यक्रमाच्या शेवटी, माइकवरून, लोक चपला शोधत असताना.

तो नोव्हेंबरमधला रविवार. स्पॅनिश शिकायला स्पेनमधल्या सालामांकात येऊन मला जेमतेम दोन महिने झाले होते. 1218 साली सुरू झालेल्या विद्यापीठाचं हे गाव. आठवडाभर क्रियापदं घोकायची आणि शनिवार-रविवार आला की सॅक पाठीला लावून निघायचं, हा आमच्या सगळ्या वर्गाचाच शिरस्ता. त्या खेपेला आव्हिला. विद्यार्थ्यांच्या सहली काढणाऱ्या एका मंडळींची बस होती, पैसे आगाऊ भरलेले.

तुमच्या गावचा तट पाहिला आणि पन्हाळा आठवला. कोल्हापूरच्या माणसाला कुठलाही तट पाहिला की पन्हाळाच आठवतो, त्याला इलाज नाही. पण पन्हाळ्याला कड्यांची साथ आहे. इथे अडीच किलोमीटरचा तट, 87 बुरूज, जुन्या गावाला कंबरपट्टा घातल्यासारखा, सलग. कॅथेड्रलची पाठसुद्धा तटातच बसवलेली, म्हणजे देवळाची मागची बाजू हाच एक बुरूज. मी वर चढले आणि चालतच राहिले. मग आदाखा नदीच्या पलीकडच्या टेकाडावर ते चार खांब दिसले. संत तेरेसा लहान असताना (जन्म 1515 चा) भावाला घेऊन घरातून पळाली होती, मूरांच्या, म्हणजे मुसलमानांच्या, मुलखात जाऊन धर्मासाठी मरायचं म्हणून. तिच्या काकाने दोघांना तिथे गाठून घरी परत आणलं, अशी कथा सांगतात. म्हटलं, इतक्या लांब आलोय तर तेवढं बघूनच जाऊ.

पाच वाजता बसपाशी या, असं सांगितलं होतं. मी पाच वाजून बारा मिनिटांनी पोचले. चूक माझी, कबूल. पण बस नव्हती. माझी लोकरीची टोपी सीटवर ठेवली होती, तीही बसबरोबर गेली. सहलीच्या बाईंना फोन लावला तर त्यांनी मला नियम वाचून दाखवला. आवाज इतका गोड, की वाढदिवसाच्या शुभेच्छा देतायत असं वाटावं. वर्गातल्या एकाने ग्रुपवर लिहिलं, ‘सॉरी यार, आम्हाला वाटलं तू मागे झोपलीयेस.’ हा आपल्याच देशाचा बरं का, रोज माझ्या वहीतून गृहपाठ उतरवणारा. बसस्थानकात खिडकीवरच्या माणसाने मान वर न करता ‘मान्याना’ म्हटलं, म्हणजे उद्या. आणि पडदा ओढला. रविवारची संध्याकाळ, सगळ्या जागा भरलेल्या. बाकीची धावाधाव सांगत बसत नाही.

आव्हिला समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरच्या वर. महाबळेश्वरपेक्षा थोडं कमीच, पण ती थंडी महाबळेश्वरची नव्हे. कान दुखायला लागले, आणि तटाबाहेरच्या कोपऱ्यावर तुमच्या शेगडीचा धूर दिसला. खरं सांगते, चेस्टनट खायला नव्हते आले. निखाऱ्यापाशी उभं राहायला आले होते, आणि फुकट उभं राहायची लाज वाटली म्हणून एक पुडी मागितली.

तुमचे हात मला अजून दिसतात. बोटांची टोकं कोळशाने काळी झालेली, आणि तुम्ही एकेका चेस्टनटला आखूड सुरीने चीर देत होता. न देता भाजले तर फुटतात ना. वर्तमानपत्राच्या कागदाची शंकूसारखी पुडी, आमच्याकडे शेंगांची असते तश्शी. आणि चव? आजी, आमच्याकडे फणसाच्या आठळ्या चुलीत भाजतात. पहिला घास घेतला आणि मला तिथेच रडू फुटलं. तुम्हाला वाटलं, तोंड भाजलं.

मग माझ्या मोडक्या स्पॅनिशमध्ये सगळं सांगितलं. सगळी क्रियापदं वर्तमानकाळातली. तुम्ही एकदाही मध्ये बोलला नाहीत, दुरुस्त केलं नाहीत. फक्त त्या सहलीवाल्यांबद्दल एक शब्द उच्चारलात, तो मी नंतर शब्दकोशात पाहिला. इथे लिहिण्यासारखा नाही, पण अगदी चपखल होता. पुढचं तुम्ही कसं जमवलंत ते मला पुरतं कळलंही नाही. कुणाला फोन, कुणाला हाका. अर्ध्या तासात एक जोडपं गाडी घेऊन हजर, मुलाला सालामांकाला कॉलेजात सोडायला निघालेलं. पहिल्या पुडीचे पैसे तुम्ही मोजून घेतलेत, ते मला फार बरं वाटलं. दुसरीचे घेतले नाहीत. गरम चेस्टनट माझ्या कोटाच्या दोन्ही खिशांत ओतलेत आणि माझे हात त्यांत खुपसलेत.

पण हे सगळं पत्राला कारण नव्हे. मदत मला आधीही कुणीकुणी केली आहे. कारण पुढे घडलं ते.

गाडीचं दार लावता लावता तुम्ही ते परत उघडलंत. दुसऱ्या पुडीचा रिकामा कागद फाडलात, पेन्सिलीने त्यावर नंबर लिहिलात आणि म्हणालात, ‘आथमे ऊना पेर्दिदा, कुआन्दो येगेस, ईखा.’

पेर्दिदा म्हणजे हरवलेली. हरवलेली काय, ते क्षणभर कळेना. मग तुम्ही तुमचा बटणांचा फोन काढून दाखवलात: दोन वेळा वाजू दे, मी उचलणार नाही. आणि मला लख्ख समजलं. मिस्ड कॉल! पोचलीस की मिस्ड कॉल दे, पोरी.

आजी, ताई पुण्याला कॉलेजात होती तेव्हा दर सुट्टीनंतर ती कोल्हापूर स्टँडवरून एसटीने जायची. आई खिडकीतून तिला हेच वाक्य सांगायची. रात्री आईचा फोन ओट्यावर मिठाच्या बरणीशेजारी ठेवलेला असायचा. दोनदा वाजून थांबला की आई मोठ्याने ‘पोचली’ म्हणायची, दिवा मालवायची आणि मग झोपायची. मी लहान होते. मला वाटायचं हे आमच्याच घरचं गुपित आहे.

आणखी एक. ‘कुआन्दो येगेस’, म्हणजे ‘पोचशील तेव्हा’. यातलं ‘येगेस’ हे रूप आमच्या बाई तीन आठवडे फळ्यावर लिहीत होत्या. जे अजून घडलेलं नाही, त्याच्यासाठी ‘कुआन्दो’नंतर क्रियापदाची चाल बदलते. माझ्या डोक्यात ते काही केल्या शिरत नव्हतं. त्या रात्री गाडीत बसल्यावर लक्षात आलं, की आपणही सरळ भविष्यकाळ कुठे वापरतो? ‘पोचशील तेव्हा’ असं आई म्हणतच नाही. ‘पोचलीस की’ म्हणते. निघायच्या आधीच पोचवून टाकते. परीक्षेत त्या प्रश्नाला मला पूर्ण गुण मिळाले, ते तुमचेच.

गाडीत माझ्या मांडीवर त्या मुलाच्या डब्यांची पिशवी होती. आईने आठवड्याचं करून दिलेलं, झाकणांवर नावं चिकटवलेली. रविवारी संध्याकाळी हॉस्टेलला परतणारी मुलं सगळीकडे सारखीच दिसत असावीत. मी गप्प बसून खिशातले चेस्टनट चाचपत होते. वाटत होतं, नियम पाळणारी माणसं खूप भेटली आज, आणि त्यांचं काही चुकलंही नसेल. बारा मिनिटं म्हणजे बारा मिनिटं. वाट दाखवणारे, पत्ता सांगणारे, गाडीत घेणारे भले लोकही जगात कमी नाहीत, मी भाग्यवान आहे. पण काम झाल्यावरसुद्धा जे आपल्यासाठी जागे राहतात, त्यांची जातच वेगळी.

पावणेनऊला खोलीवर पोचले. कोल्हापुरात तेव्हा सव्वा एक वाजला होता, आई झोपलेली. (आई, वाचत असशील तर: टोपी सोमवारी परत मिळाली.) कागद सरळ केला, नंबर लावला. दोन रिंग, बंद. मिनिटभराने माझा फोन एकदाच वाजला आणि थांबला.

फेब्रुवारीत तुम्हाला भेटायला आले तेव्हा कोपऱ्यावर शेगडी नव्हती. चेस्टनटचा हंगाम संपला होता. शेजारच्या दुकानदाराने खांदे उडवले, म्हणाला, आता शरद ऋतूत. तोवर माझा कोर्स संपलेला असेल. फोन करून बोलावं म्हटलं तर पुन्हा तेच, ‘मुचास ग्राथियास’पाशी अडकणार. तो कागद व्याकरणाच्या पुस्तकात जपून ठेवलाय, त्याला अजून धुराचा वास आहे.

म्हणून मी आपला एक उद्योग चालू ठेवलाय. तोलेदोहून आले तेव्हा दोन रिंग दिल्या. सामोराहून आले तेव्हा दिल्या. मागच्या रविवारी सेगोव्हियाला गेले होते. ती रोमनांनी बांधलेली, कमानींवरून पाणी नेणारी वाट, चुना न लावता रचलेले दगड, मान दुखेपर्यंत वर पाहिली. परतीची बस सुटायच्या अर्धा तास आधी जाऊन बसले, टोपी डोक्यावर. साडेनऊला खोलीवर आले, बूट काढायच्या आधी तुमचा नंबर लावला. दोन रिंग, बंद.

या वेळी जरा उशीर लागला. चहा ठेवला, तेव्हा ओट्यावर फोन वाजला. एकदाच.

तुमची,
कोल्हापूरची ईखा