मथळ्यातली "ब्रिटिश" एमजी

संपादक महोदय, स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत एमजी सायबरस्टर या गाडीवर अर्धं पान आलंय, वर उघडणाऱ्या दारांचा फोटो झकासच, पण मथळ्यात "ब्रिटिश टू-सीटर" वाचलं आणि चहा तसाच गार झाला. अहो, गाडी बनते चीनमध्ये, मालकही चिनी, लंडनच्या स्टुडिओत डिझाइनचं काम झालं तेवढंच काय ते ब्रिटिश. गाडी वाईट आहे असं माझं म्हणणं नाही.

ब्रिटिश टू-सीटर म्हणजे एमजीबी, एमजी ब्रिटिश कंपनी होती तेव्हाची. १९६२ ते १९८०, ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनला बनायची, पक्क्या टपाचं जीटी मॉडेल धरून ५ लाखांच्या वर गेल्या. आधीच्या एमजीए मॉडेलला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, होती, हिला बॉडी हीच चासी, त्यामुळे लांबी ३ इंच कमी होऊनसुद्धा आत जागा जास्त. बॉडी स्विंडनहून यायची, इंजिन बाहेरून, आणि अ‍ॅबिंग्डनला लाइनवर गाड्या चक्क हाताने ढकलत पुढे न्यायचे! मी अख्खी हयात चिंचवडला वर्कशॉपमध्ये काढली, मला हे वाचून गंमत वाटली.

मुलगा इंग्लंडात असतो, त्याच्या शेजाऱ्याची १९६७ची एमजीबी आहे, तिच्यात बसलोय मी. बसणं कसलं, पाटावर बसल्यासारखं, हात बाहेर काढला की रस्ता अगदी जवळ. चोक ओढून स्टार्ट करायची. सीटमागचं झाकण उघडलं तर खाली ६-६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या, एक बदलायची म्हणजे पाठीचं काम तमाम. आणि सुरुवातीला हीटर एक्स्ट्रा पैसे देऊन घ्यावा लागायचा, इंग्लंडात!

निम्म्याहून जास्त गाड्या अमेरिकेत जायच्या, तिथेच वाट लागली. तिथल्या नियमांसाठी १९७४ला काळे रबरी बंपर आले, हेडलाइटच्या उंचीसाठी अख्खी गाडी वर उचलली, मग वळणावर ती झुकायला लागली. पुढे पाउंड महागला, तिकडे विकणं परवडेना. सप्टेंबर १९७९मध्ये कारखान्याच्या पन्नाशीचा सोहळा झाला आणि लगेच सोमवारी मालक कंपनी ब्रिटिश लेलँडने तो बंद करायचं जाहीर केलं. मिठाई खाऊन हात पुसायच्या आत!

सायबरस्टरवर हवं तेवढं छापा, मथळा मात्र दुरुस्त करा. आणि एमजीबीचा फोटो टाकलात तर क्रोम बंपरवालीचा टाका, रबरवाली नको.

एक जुना वाचक, चिंचवड