सूचना : पाळ्यांचे तास व मानसिक आधार यांविषयी सभासद बैठक

रुग्णवाहिका चालक, तंत्रज्ञ व आपत्कालीन कक्षातील सर्व सभासदांना कळविण्यात येते की, व्यवस्थापनाकडे द्यावयाच्या मागण्यांचा मसुदा ठरविण्यासाठी येत्या रविवारी सकाळी 10 वाजता संघटनेच्या कार्यालयात बैठक होईल. रात्रपाळी करून येणाऱ्यांचे म्हणणे प्रथम ऐकले जाईल.

अपघातस्थळावरून परतल्यावर स्ट्रेचरवरचे रक्त पुसून होते न होते तोच पुढचा कॉल येतो; म्हणून कठीण प्रसंगानंतर पगार न कापता पाळीतून तात्पुरती सुटका, ही आपली पहिली मागणी राहील. आघातानंतर लगेच प्रसंग उकरून बोलायला लावणारे 'डीब्रीफिंग' वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2013 मध्येच सांगितले आहे. त्यामुळे समुपदेशन ऐच्छिक व गोपनीयच असावे, असा कार्यकारिणीचा ठाम आग्रह आहे.

- गेल्या तीन महिन्यांच्या पाळीपत्रकाची प्रत सोबत आणावी.
- रुग्णाची ओळख पटेल असा कोणताही तपशील बैठकीत सांगू नये.
- कोणी समुपदेशन घेतले, हे विचारू नये.

स्वतःला इजा करण्याचे विचार मनात येत असल्यास बैठकीपर्यंत थांबू नये. आजच डॉक्टरांना गाठावे. सोबत हवी असल्यास कार्यकारिणीतील कोणालाही, कोणत्याही वेळी फोन करावा.

– कार्यकारिणी