पिर्गीच्या आजोबांना आभाराचं पत्र

आदरणीय आजोबा,
सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत आहे, तुमची नात ते तुम्हाला ग्रीकमध्ये वाचून दाखवेल. सगळ्यांसमोर लिहितोय, कारण ग्रीसमधल्या खिओस बेटावरच्या तुमच्या पिर्गी गावात तुम्ही जे दाखवलंत ते आपल्याकडे चुन्याचं काम करणाऱ्यांनाही वाचता यायला हवं. आधी मनापासून आभार, कारण तुम्ही हात राखून काहीच शिकवलं नाहीत.

पिर्गीची घरं खालपासून वरपर्यंत काळ्या-पांढऱ्या त्रिकोणांनी, वर्तुळांनी, शंकरपाळ्यांनी भरलेली असतात. पाहणाऱ्याला तो रंग वाटतो, पण तो ओरखडा आहे. म्हणूनच त्याला 'क्सिस्ता', म्हणजे खरवडलेलं, म्हणतात. चुना आणि काळसर वाळूचा गिलावा थापायचा, तो ओला असतानाच वर चुन्याची सफेती द्यायची आणि थापीने घोटायची. मग पट्टी आणि कैवार घेऊन आडवे पट्टे आखायचे आणि नक्षीच्या आतली सफेती साध्या जेवणाच्या काट्याने खरवडायची, की खालचा करडा गिलावा दिसू लागतो. काटा कधी लावायचा, हे तुम्ही बोट टेकवून दाखवलंत. सफेती बोटाला लागली तर घाई झाली, वाळू ओढली जाऊन कडा माखतात. बोट कोरडं निघालं आणि पृष्ठभाग टणक लागला तर उशीर झाला, मग सफेतीचे टवके उडतात. म्हणून एका वेळी पुरी होईल तेवढीच भिंत ओली करायची. आणि काटा फक्त सफेतीपुरताच चालवायचा. तो गिलाव्यात घुसला की तिथे पावसाचं पाणी थांबतं आणि पुढे पापुद्रे सुटतात. आमच्या कामात इतकी वर्षं हीच चूक होत होती.

मस्तकी, म्हणजे तुमच्याकडचा सुगंधी डिंक, देणाऱ्या झाडाच्या बाबतीतही तुम्ही तेच सांगितलंत: किती खोल. मस्तकीचं झुडूप पाचव्या-सहाव्या वर्षी डिंक द्यायला लागतं, आणि एका झाडाची वर्षाची कमाई साधारण दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमच. उन्हाळ्यात आधी बुंध्याभोवतीची जमीन झाडून सपाट करायची आणि तिच्यावर चाळलेली पांढरी माती पसरायची. ही माती चुनखडीची असल्यामुळे थेंब तिला धरून बसत नाही, नंतर सहज निघतो. जुलैच्या मध्यापासून टोकदार हत्याराने बुंध्याला खालून वर चिरा द्यायच्या, लांबी सेंटीमीटर-दीड सेंटीमीटर, खोली चार-पाच मिलिमीटर. साल उघडली की पुरे. चीर लाकडात गेली तर डिंक वाढत नाही, झाड मात्र खंगतं. सगळ्या चिरा एकाच दिवशी न देता त्या आठवडोन्‌आठवडे विभागायच्या. थेंब घट्ट व्हायला पंधरा-वीस दिवस लागतात. तेवढ्यात पाऊस झाला तर माती चिकटते आणि मालाचा दर्जा उतरतो. गोळा केलेला डिंक थंडीत आजी आणि शेजारच्या बायका चाळतात, थंड साबणपाण्यात धुतात, वाळवतात आणि एकेक खडा बारीक सुरीने साफ करतात. आजींचा हात खड्याला लागायचा तो तांदूळ निवडल्यासारखा. त्यांनाही आमचा नमस्कार सांगा.

गाव असं का बांधलं, तेही डिंकावरूनच कळलं. 1346 ते 1566 इटलीतल्या जिनोआच्या, हा डिंक विकणाऱ्या व्यापाऱ्यांची सत्ता असताना चाचे येत, म्हणून बाहेरच्या घरांच्या पाठी जोडून त्यांचाच कोट केला आणि मधोमध बुरूज ठेवला. गच्च्या एका पातळीवर, म्हणजे गल्लीत न उतरता बुरुजापर्यंत पळता येई. घराघरांमधल्या कमानी भूकंपात भिंतींना टेकू देतात. पुढे 1822 मध्ये ऑटोमन तुर्कांनी केलेल्या कत्तलीत बेट उजाड झालं, तरी मस्तकीची गावं बव्हंशी वाचली, कारण इस्तंबूलच्या दरबाराला हा डिंक हवा होता.

आजोबा, आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात हाच डिंक 'रुमी मस्तकी' म्हणून मिळतो. बिझंटाइन मुलखाचं 'रूम' हे जुनं नाव त्यात अजून टिकून आहे, हे ऐकून तुम्ही दोनदा तो शब्द म्हणवून घेतलात. निघताना दिलेली पुडी आम्ही जपून वापरतोय. तुम्ही सांगितल्याप्रमाणे खडे आधी तासभर फ्रीजरमध्ये ठेवतो आणि कुटताना चमचाभर साखर घालतो. नाहीतर घासण्याच्या उबेने ते खलबत्त्याला चिकटून बसतात. परवा खिरीत घातली, लिटरभर दुधाला हरभऱ्याएवढे दोन खडे. तिसरा घातला असता तर कडवट झाली असती.

तुमचे ऋणी,
चुन्याच्या कामातले तुमचे विद्यार्थी