मलांजखंडच्या दगडांचा आम्लाचा हिशेब जाहीर करा

मा. केंद्रीय खाणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,

आमच्या गोंदियाला लागून बालाघाट जिल्हा आहे आणि तिथे हिंदुस्तान कॉपरची मलांजखंडची तांब्याची खाण. उघडी खाण आता जमिनीखाली सरकते आहे, पण इतक्या वर्षांत उपसलेला दगड आणि टेलिंगचा, म्हणजे तांबे काढून उरलेल्या भुकटीचा, गाळ वरच राहणार. माझे म्हणणे त्या ढिगांबद्दल आहे.

त्यांत चालकोपायराइट या तांब्याच्या खनिजाबरोबर पायराइट असते, म्हणजे लोह आणि गंधक. हवा-पाणी लागले की पायराइट झिजते आणि त्यातल्या गंधकाचे आम्ल होते, पण खरा पोखरणारा असतो फेरिक लोहाचा आयन, म्हणजे लोहाचा विद्युतभारित कण. खनिजावर काम करून तो फेरस होतो, बोथट होतो. आम्लात नुसत्या हवेने त्याचे पुन्हा फेरिक व्हायला वर्षे लागतात. ॲसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स हा जिवाणू तेच काम सुमारे दहा लाख पट वेगाने करतो आणि त्यातूनच स्वतःची ऊर्जा मिळवतो. विळ्याला सतत धार लावून देणारा लोहारच म्हणा! सामू (pH; जितका कमी तितके पाणी आम्ल) दोन-तीनवर आला की त्याला अधिकच मानवते. १९४७ साली तो कोळसा खाणीच्या आम्लपाण्यातच पहिल्यांदा ओळखला गेला.

खाणीच्या पाण्यावरच्या प्रकाशित अभ्यासांत आम्लता आणि तांबे दोन्ही नोंदलेले आहेत, तेव्हा हा पुस्तकी धाक नव्हे. नंतर चुना टाकून भागेल, असे आपल्याला सांगितले जाईल. एक टन पायराइट पूर्ण गंजले तर त्याचे आम्ल मारायला सुमारे १.६७ टन चुनखडी लागते. मलांजखंडचा खडक मुख्यतः क्वार्ट्झ आणि ग्रॅनाइटचा, त्याच्या अंगी चुना फारसा नाही. शिवाय पायराइट संपेपर्यंत चुना टाकतच राहायचा, आणि लोहाचा गाळ वेगळा सांभाळायचा.

म्हणून प्रत्येक ढिगाची आम्ल निर्माण करण्याची आणि आम्ल मारण्याची क्षमता प्रयोगशाळेत मोजून घ्या. जिथे पहिली जास्त, तो ढीग हवा-पाणी आत शिरणार नाही असा झाका. प्राणवायू तुटला की जिवाणूचे काम थंडावते.

हेच जिवाणू हलक्या प्रतीच्या दगडातून तांबे काढून देतील, असेही कुणी सुचवेल. चिलीत तसे तांबे काढतात, पण चालकोपायराइट चिवट असते. त्याच्या पृष्ठभागावर थर बसतो आणि तांबे सुटणे मंदावते. प्रयोग जरूर करा, पण त्या आशेवर ढीग उघडे ठेवू नका.

मोजणीचे आकडे आणि पाझराच्या पाण्याचा सामू, तांबे व सल्फेट दर पावसाळ्यानंतर हिंदीत आणि मराठीत जाहीर व्हावेत, ही विनंती.

आपला,
रसायनशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, गोंदिया